बीकनशेजारची तार

सहा महिने बायको मागे लागली, तेव्हा कुठे तंत्रज्ञाने कपडे वाळत घालायला तार बांधली. क्वार्टरच्या खिडकीपासून थेट बीकनच्या कुंपणापर्यंत. चांगली जाडजूड, लोखंडी.

"घे! हत्ती वाळत घातलास तरी तुटायची नाही," असं म्हणून तो छाती फुगवून कामावर गेला. कामावर म्हणजे अंगणापलीकडे.

ढगांत वाट न दिसणाऱ्या विमानांना माळावरचा हा बीकन रेडिओवरून दिशा सांगायचा. संदेश जरा वाकडा जायला लागला की आपणहून बंद पडायचा आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा सुरू होऊन बघायचा. चुकीची वाट दाखवण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, एवढी अक्कल त्या यंत्राला होती. नेमका आज तो बंद पडला, आणि नेमकं आजच तपासणीचं विमान यायचं होतं. बीकन पास झाला तर तंत्रज्ञाची शहरात बदली. नाहीतर आहेच माळ आणि वारा.

त्याने यंत्र चालू केलं. बंद पडलं. आतली सर्किट कार्डं बदलली, जोडण्या घासल्या. पुन्हा बंद. दर वेळी अँटेनाकडे धावताना त्याच्याच ओल्या पँटी त्याच्या थोबाडीत देत होत्या, पण डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ! शेवटी रडकुंडीला येऊन त्याने साहेबांना फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर टाकला.

"आज नवीन काय केलंत तिथे?"

"काही नाही साहेब. कशाला हातसुद्धा लावला नाही."

बायको बादली घेऊन दारात उभी होती. तिचा पारा चढला. "हात लावला नाही? मग सकाळी तार काय भुताने बांधली?"

"कसली तार?" साहेबांनी विचारलं.

"कपड्यांची. लोखंडी आहे, चांगली जाड!"

"अहो, तीच संदेश बिघडवतेय! काढा आधी! विमान पोचतंय!"

तंत्रज्ञ पक्कड घेऊन धावला.

"कपडे मातीत पडले तर खबरदार! मी पुन्हा धुणार नाही," बायको फोन घेऊन त्याच्या मागून ओरडली.

त्याने चादरी खांद्यांवर घेतल्या, पँटी दोन्ही हातांवर टाकल्या आणि तार तोडली. आत यंत्र सुरू झालं आणि सुरूच राहिलं. तेवढ्यात विमान डोक्यावरून गेलं. हात पसरून, पाणी निथळत तो बुजगावण्यासारखा उभा राहिला. बदलीच्या आनंदाने त्याचे डोळे भरून आले होते.

फोनवर साहेब हसत होते. "संदेश अगदी बरोबर आहे म्हणतोय वैमानिक. पण विचारतोय, कुंपणापाशी हात पसरून काय उभं आहे? नवीन बसवलंय का?"

"जुनंच आहे म्हणावं," बायको म्हणाली. "आजच चालू झालंय."