माळावरच्या लाल फितीच्या खुंट्या

खण्णकन वाटी पडली आणि दुपारची शांतता मोडली. सुनयनाने आधी निजलेल्या लेकीकडे, चंद्राकडे पाहिले. ती हलली नाही, पण मांडणी पुन्हा हादरली. मागच्या भिंतीला लागून कोणीतरी काहीतरी ठोकत होते.

परसात तिची सासू शांती कोन नावाच्या कंदाच्या वेलाशेजारी खुंटी ठोकत होती. कोनाच्या कंदावर या वाडीचा भारी जीव. वेल चढवायला सरळ काठी दिसली, की इथल्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. पण ही काठी फारच सरळ होती. टोकाला पांढरा रंग, वर लाल फीत.

"आत्या, ही कुठनं आणली?"

"माळावरनं. चार होत्या, म्या एकच घेतली. फीतबी हाय बघ, बांधायला दोरी नको."

तेवढ्यात शेजारचा महाबळेश्वर कुंपणावरून डोकावला. "शांतक्का, झकास केलंस! काल दोघंजण माळ मोजून गेलेत. रिसॉर्ट येतंय! रातभर गाणी लावतील, माझी म्हस आटंल."

"आणि बाकीच्या खुंट्या?" सुनयनाने विचारले.

"एक म्या म्हशीला ठोकली. एक पलीकडच्या राजेश्वरीनं धुणं वाळवायला नेली. आणि एक..." त्याने आवाज उतरवला, "व्हळाच्या पाण्यात टाकली. पुरावा नको."

रिसॉर्ट परतवल्याच्या आनंदात चहा झाला. कप खाली ठेवतात न ठेवतात तोच रामनगरला गेलेल्या तिच्या नवऱ्याचा, प्रज्योतचा फोन आला.

"सुनयना, काम झालं! माळावर अंगणवाडी बांधणार. इंजिनियर निघालाय तिकडं. लोकांची हरकत दिसली तर दुसऱ्या वाडीला देणार म्हणं."

सुनयनाची नजर परसातल्या खुंटीवर गेली. आताची अंगणवाडी व्हळापलीकडे. वाटेवर सकाळी गवे उभे असतात. चार वर्षांच्या चंद्राला अजून वासरांखेरीज सोबती नव्हते. सुनयनानेच ग्रामसभेत उठून अंगणवाडी मागितली होती. आणि आता हरकत चक्क परसात उभी होती, वेलासकट.

मग इंजिनियर यायच्या आत खुंट्या परत रोवायला एकच पळापळ झाली. खुंट्या होत्या कुठे, हे प्रत्येकाला पक्के आठवत होते.

"माझ्या दारासमोर," राजेश्वरी म्हणाली.

"छट्! माझ्या गोठ्यामागं," महाबळेश्वर म्हणाला.

"तुमची म्हस आटंल की, अण्णा," राजेश्वरीने टोमणा मारला.

"पोरांचा दंगा चालतोय तिला. रिसॉर्टचा चालत न्हाई."

म्हैस खुंटी सोडेना, म्हणून खुंटीबरोबर म्हैसही माळावर आली. व्हळातली खुंटी सापडली नाही. महाबळेश्वर कमरेपर्यंत भिजून तिच्या जागी खोऱ्याचा दांडा घेऊन आला. शांती मात्र वेलापाशी ठाण मांडून बसली.

"जित्या वेलाचा आधार काढू?"

"आत्या, नातीसाठी."

शांतीने सुनेकडे पाहिले. मग खुंटी उपटली आणि वेल सुनयनाच्या नव्याकोऱ्या खराट्याला बांधला.

जीप थांबली तेव्हा माळावर अख्खी वाडी उभी होती, आपापली खुंटी आपापल्या घराच्या बाजूला धरून. मधोमध म्हैस. इंजिनियर उतरला आणि बघतच राहिला.

"हे काय?"

सुनयनाच पुढे झाली. "साहेब, खुंट्या आम्हीच काढल्या. रिसॉर्ट वाटलं. अंगणवाडी पायजे आम्हाला. लई पायजे."

इंजिनियरने टोपी काढून घाम पुसला. "मागच्या गावात खुंट्या जागेवर होत्या, पण बघायला माणूस न्हाई. हितं खुंट्या न्हाईत आणि माणसं उभी. हलू नका कोणी!" त्याने फोटो काढला. "लोकांचा सहभाग दाखवा म्हणून वरनं सारखं विचारतात. म्हशीसकट दाखवतो."

मोजमाप नव्याने झाले. खोली ना राजेश्वरीच्या दारासमोर आली, ना गोठ्यामागे. तरी दोघांनीही एकेक कोपरा घट्ट धरला होता. टेपचे टोक सुनयनाच्या हातात होते.

डोळे चोळत चंद्रा माळावर आली आणि चार कोपऱ्यांच्या मधे उभी राहिली.

"आई, हितं काय?"

"तुझी अंगणवाडी. हितं गाणी म्हणायची, खेळायचं, जेवायचं."

"रोज?"

"व्हय, रोज."

चंद्राने घराकडे पाहिले, मग आईकडे.

"मग तू घरात कुणासंगट बोलायचीस?"