येथे मथळा लिहा

सांजदैनिक 'खाडीवार्ता'चे संपादक धर्माजी पाष्टे सकाळपासून संगणकावर ओरडत होते, आणि संगणक त्यांना शांतपणे एकच उत्तर देत होता : 'आपणांस ही बातमी मंजूर करण्याचा अधिकार नाही.'

"माझ्याच पेपरात मला अधिकार नाही?" पाष्टे म्हणाले. "मनाली, हा डबा उचल आणि खाडीत टाकून ये."

मनाली पानं लावायची. भाईंदर पूर्वेच्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत आता ती आणि पाष्टे, दोघंच उरले होते. एके काळी तिथे बसायला खुर्ची मिळत नसे; आता खुर्च्यांवर न खपलेल्या अंकांचे गठ्ठे बसत. सोळा पानांचा पेपर आठवर आला, आठाचा चारवर. मग मालक गुणवंतभाईंनी, ज्यांचा मूळ धंदा टाइल्सचा, खर्च वाचवायला माणसं काढली आणि सॉफ्टवेअर आणलं. त्याचं नाव 'न्यूजसेतू'. ते बनवलं होतं त्यांच्याच भाच्याने, जितेशने, ज्याने आयुष्यात पेपर फक्त पावसाळ्यात ओल्या बुटांत कोंबायला वापरला होता.

"सर, बातमी तुम्ही टाकलीत ना," मनाली म्हणाली, "मग मंजूर दुसऱ्याने करायची. मी पान लावते, म्हणून मीही चालत नाही. तिसरं माणूस लागतं."

"पण तिसरा माणूस आहे कुठे इथे?"

"ते त्याला कुठे माहितीये?"

पाष्टेंनी जितेशला फोन लावला. "काका, एकदम सिंपल आहे," जितेश म्हणाला. "कोणाचाही नंबर टाका. त्याला मेसेज जाणार, त्याने बटण दाबायचं, बस."

"कोणाचाही म्हणजे? संपादन म्हणजे काय भिशी आहे?"

"काका, मी मीटिंगमध्ये जातोय."

पाष्टेंनी तणतणत बायकोचा नंबर टाकला. सुलूताई तेव्हा जेसल पार्कच्या भाजीबाजारात मेथी निवडत होत्या. मिनिटभरात संगणकाचा पडदा लाल झाला : 'बातमी नामंजूर.'

"तू बातमी नामंजूर केलीस?" पाष्टे फोनवर कडाडले.

"मला वाटलं लोनवाले. दिवसभर छळतात मेले. कसली होती बातमी?"

"हास्यक्लबाचा वर्धापनदिन."

"मग बरंच केलं."

ही त्या दिवशीची पहिल्या पानावरची मुख्य बातमी होती. क्लबानेच लिहून पाठवलेली. पाष्टेंनी तिच्यातलं 'आम्ही' काढून 'त्यांनी' केलं होतं, एवढंच काय ते संपादन. पण नामंजूर झाल्यावर तिच्यासाठी त्यांचा जीव असा तुटायला लागला, की जणू ती त्यांनी रक्त आटवून मिळवली होती. बातमी पुन्हा पाठवली. सुलूताईंनी या वेळी निमूटपणे मंजुरी दिली. पडदा हिरवा झाला. तोवर छापखान्यातून तीन फोन येऊन गेले होते. मनालीने पान न बघताच पाठवून दिलं, आणि पाष्टेंनीही बघितलं नाही, कारण ते जितेशला पाठवायच्या मेसेजसाठी शिव्या जुळवत होते.

न्यूजसेतूने पान मंजूर केलं होतं, पण बातमी पहिल्या नकारापासून 'दुरुस्ती'तच अडकली होती, हे कळलं संध्याकाळी. गठ्ठे रवाना झाले होते. पाष्टेंनी चहाचा कप ठेवून अंक उघडला. पहिल्या पानावर, ठसठशीत अक्षरांत, छापलं होतं : 'येथे मथळा लिहा'. खाली मोठा कोरा रकाना, त्यावर 'येथे बातमी लिहा'. शेजारी कोरी चौकट, तिच्यात 'येथे छायाचित्र लावा'.

चहा तसाच राहिला.

"आता फोन येतील," ते मनालीला म्हणाले. "तू उचलू नको. मी बघतो. काय बोलायचं ते बोलू दे मला."

दोघं फोनकडे बघत बसले. फोन वाजला नाही. बाहेर रिक्षावाले मीटरवरून भांडले, भांडण मिटलं, तरी फोन वाजला नाही. शेवटी पाष्टेंनीच अंक वाटणाऱ्या माणसाला फोन केला.

"कुछ शिकायत?"

"नहीं साहब. भजीवाला दस कॉपी ज्यादा मांग रहा था. बोला, आज स्याही कम है, अच्छा है."

पाष्टेंच्या कपाळाची शीर उडायला लागली. आतापर्यंत ते सॉफ्टवेअरवर चिडले होते. आता वाचकांवर चिडले. त्यांनी वर्गणीदारांची नावं काढली आणि उत्तनजवळच्या चौक गावातल्या अल्फान्सोंना फोन लावला. अल्फान्सो पहिल्या अंकापासूनचे वाचक.

"आजचा पेपर बघितलात?"

"बगितला की. आज चांगला हाय."

"काय चांगलं आहे त्यात?"

"मोकला मोकला हाय. मॅबेल लिवते अजून. आमी उद्या आणून देतू."

काय आणून देणार, हे विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाष्टे राजीनामा मनात घोकत कचेरीत आले, तर जिन्यात माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातात कालचा अंक. एका आजोबांनी रकान्यात वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याविरुद्ध लिहिलं होतं आणि जागा संपल्यावर समासातही लिहिलं होतं. एका बाईंनी भाचीसाठी स्थळ मागितलं होतं, उंचीसकट. सगळ्यांत पुढे अल्फान्सोंची बायको मॅबेल. तिने चौकटीत नात स्टेफनीचा फोटो चिकटवला होता. "ह्यो मना परत पायजे," तिने आधीच बजावलं.

मथळ्याच्या जागी तिने निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं : 'बोंबील सुकवायच्या जागेवर डंपर कोण रिकामा करतो?'

पाष्टेंनी तो मथळा एकदा वाचला. पुन्हा वाचला. आपल्या गेल्या दोन-चार वर्षांतला एक तरी मथळा त्यांनी आठवून बघितला, आणि एकही आठवला नाही म्हणून त्यांना आणखी राग आला.

तेवढ्यात गुणवंतभाई जिना चढून आले. पाष्टेंनी राजीनाम्याचं पहिलं वाक्य तोंडात आणलं.

"पाष्टेभाई, शू आयडिया छे!" गुणवंतभाईंनी त्यांचा हात दाबला. "लोक लिहिणार, आपण छापणार. जितेश बोलतो, ये तो सॉफ्टवेअरमध्येच होतं. दर सोमवारी करायचं."

"ती आयडिया नव्हती. ती घोडचूक होती."

"तेच तर. चूक पण किती सस्ती!"

जितेशचं कौतुक झालेलं पाष्टेंना सहन होईना. त्यांनी मॅबेलचा अंक तिच्याकडे फिरवला. "मॅबेलबाई, हा डंपर. फोटो आहे का तुमच्याकडे? नंबर?"

"मी बोंबील बगू का नंबर बगू? तुमी पेपरवाले हाव ना? तुमी या."

पाष्टेंनी मनालीला पान दुपारी चारपर्यंत थांबवायला सांगितलं आणि मॅबेलबरोबर रिक्षात बसले. बातमीसाठी कचेरीबाहेर पडून किती वर्षं झाली, हे त्यांना आठवत नव्हतं. वाटभर ते जितेशवर बोलत होते, छापखान्यावर बोलत होते, हास्यक्लबावर तर फारच बोलले. मॅबेल म्हणाली, "पदर सांबालून बसू द्या, वारा लागते."

चौकमध्ये वाळवणाच्या काठ्यांना बोंबील टांगलेले होते, आणि त्यांच्या बुडाशी विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, मातीचा ढिगारा. अल्फान्सो आले. त्यांच्या मागून आणखी बायामाणसं आली. कुणी नमस्कार केला, कुणी सरळच सुनावलं, "आलव काय शेवटी?"

पाष्टेंनी भोवती बघितलं. इथे ओरडायला कुणी नव्हतं. ओरडण्याचा हक्क समोरच्यांचा होता. त्यांनी घसा साफ केला.

"पहिला डंपर कधी आला?"

सगळे एकदम बोलायला लागले. पाष्टेंनी खिसे चाचपले. पेन होतं; कागद नव्हता. मॅबेल घरात गेली आणि नातवाची, शेनची वही घेऊन आली.

"मागच्या पानावर लिवा," ती म्हणाली. "पुडं त्याचा अभ्यास हाय."