तीन प्लेट पिसारा

"सॅलड म्हणजे काय गं? कापायचं आणि मांडायचं! त्यात कसली आलीय कला?"

भूपेश म्हात्रे हे बोलला तेव्हा त्याच्या ताटात गरम वरण-भात होता, वांग्याचं भरीत होतं आणि शेजारी बायकोने कापलेली काकडी-टोमॅटोची बशी होती. म्हणजे तोंड कामाला लावायला भरपूर काही होतं. तरी बोलला! काही माणसांना सुखाचा घास गिळवत नाही, भूपेश त्यांतलाच.

त्यात थोडा दोष त्याच्या नोकरीचाही होता. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पंपाचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात तो क्वालिटी इन्स्पेक्टर होता. दिवसभर हातात व्हर्नियरची मोजपट्टी घेऊन दुसऱ्यांच्या कामातल्या चुका मोजायच्या, हेच त्याचं काम. मग घरी आल्यावर डोळे काय सुट्टीवर जातात? "ही चपाती डावीकडे दोन मिलिमीटर जाड आहे," असं तो जेवताना सहज सांगायचा. मनाली शाळेत चाळीस पोरांना गणित शिकवून आलेली असायची. ती गप्प बसायची. पण सॅलड हा तिचा हळवा विषय होता. गेल्या वर्षी कॉम्प्लेक्सच्या सॅलड सजावट स्पर्धेत तिचा तिसरा नंबर आला होता आणि ते सर्टिफिकेट फ्रिजवर लोहचुंबकाने चिकटवलेलं होतं.

"बरं," ती शांतपणे म्हणाली. "या वर्षी ती स्पर्धा पुरुषांसाठी ठेवलीय. पुढच्या रविवारी आहे. घ्या ना भाग! पहिल्या तिघांत आलात, तर वर्षभर माझ्या स्वयंपाकाला खुशाल नावं ठेवा. नाही आलात, तर वर्षभर सकाळचे दोन्ही डबे तुम्ही करायचे."

"डन!" भूपेश म्हणाला. म्हणताना त्याने टेबलावर हात आपटला, तो नेमका ताटातल्या भरतात.

त्याची आई, तुळशीबाई, इतका वेळ भात कालवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "याला कांदा सोलाला येत नाय, नं हा नंबर आननार!"

झालं! इन्स्पेक्टरसाहेब पेटले.

दुसऱ्याच दिवशी ड्यूटी सुटल्यावर ते थेट उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात. घराजवळ बदलापुरात काय काकड्या मिळत नाहीत? मिळतात. पण त्या वाकड्या असतात! भूपेशने खिशातून व्हर्नियर काढलं आणि एकेक काकडी तीन ठिकाणी मोजायला सुरुवात केली. सतरावी काकडी मोजून परत ठेवली, तेव्हा भाजीवाल्याचा धीर सुटला.

"साईं, काकडी खानी है या घर में बहू बनाके ले जानी है?"

पाच किलो काकड्या घेऊन भूपेश घरी आला आणि सराव सुरू झाला. विषय ठरला मोर! मान मुळ्याची, डोळा लवंगेचा, तुरा गाजराचा आणि मागे एकशे चव्वेचाळीस चकत्यांचा पिसारा. प्रत्येक चकती दोन मिलिमीटर, कमी नाही, जास्त नाही. प्रत्येकीवर गाजराची टिकली आणि टिकलीवर बिटाचा ठिपका.

पहिल्या दिवशीचा मोर कोंबडीसारखा दिसला. दुसऱ्या दिवशीचा झाडूसारखा. तिसऱ्या दिवशीचा बरा जमला होता, पण भूपेश फोटो काढायला मोबाइल आणायला गेला तेवढ्यात आईने त्यावर दही, दाण्याचं कूट आणि जिऱ्या-मिरचीची फोडणी ओतली.

"आई! तो मोर होता!"

"मना काय ठावं? मना कापलेली काकडी दिसली."

आठवडाभर घरात दुसरी भाजी आली नाही. वाया काही घालवायचं नाही, हा मनालीचा नियम. सकाळी काकडीची कोशिंबीर, डब्यात काकडीचं थालीपीठ, रात्री काकडीची भाजी. शनिवारी तुळशीबाई म्हणाली, "माझे पोटात मळा झाला!" भूपेशला तर स्वप्नातसुद्धा हिरवंच दिसत होतं.

पण रविवारी सकाळी मोर असा जमला की विचारू नका! भूपेश स्वतःच चार पावलं मागे जाऊन त्याच्याकडे बघत राहिला. आता प्रश्न एकच होता. संध्याकाळी पाचपर्यंत तो ठेवायचा कुठे? ताट घरच्या फ्रिजमध्ये मावेना, आणि मावलं असतं तरी त्याच घरात आई होती.

मग त्याला नाथा आठवला. नाथा त्याचा शाळेपासूनचा मित्र. कॉम्प्लेक्सपासून पाच मिनिटांवर त्याची छोटी खानावळ होती. नाथा गल्ल्यावर, त्याची बायको उमा आत चुलीपाशी. मटण आणि तांदळाच्या भाकरीसाठी रविवारी तिथे बाहेर बाकड्यावर लोक नंबर लावून बसायचे. आत स्वयंपाकघरात मोठा फ्रिज होता. अकरा वाजता भूपेशने ओल्या फडक्याखाली झाकलेलं ताट रिक्षातून मांडीवर धरून आणलं, स्वतःच्या हाताने फ्रिजमध्ये ठेवलं आणि बाहेर येऊन नाथाला म्हणाला, "सॅलड ठेवलंय रे आत. बघ जरा."

नाथा तेव्हा फोनवर मटणवाल्याशी भांडत होता. त्याने अंगठा दाखवला. फोन झाल्यावर आत डोकावून बायकोला सांगितलं, "भूपेशने सॅलड आणून ठेवलंय गं, बघ."

दोघांनीही "बघ" म्हटलं. काय बघायचं, ते कोणीच सांगितलं नाही!

दुपारी भूपेश जेवला नाही. "कलाकाराने रिकाम्या पोटी राहावं," असं त्याने मनालीला सांगितलं. खरं कारण असं की समोर पुन्हा काकडीचं थालीपीठ आलं होतं. अडीच वाजता "मोर बघून येतो" म्हणून तो निघाला आणि खानावळीच्या दारात पोचला, तर आतून मटणाच्या रश्श्याचा वास आला. आठ दिवस काकडीवर जगलेल्या माणसाला तो वास म्हणजे काय! आत जाऊन मोर बघायचं राहूनच गेलं. जवळच खुर्ची होती, म्हणून तो तिच्यात बसला.

"माझं सॅलड कसंय रे?" त्याने तशातही विचारलं.

"एक नंबर!" नाथा गल्ल्यावरून ओरडला. "लोक तुटून पडलेत!"

भूपेशची छाती फुगली. म्हणजे लोक आत जाऊन बघून येतायत! कलेची ओढच तशी असते. समाधानाने त्याने मटण थाळी मागवली.

थाळी आली. पहिला घास घेतला आणि भूपेशच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धं आनंदाचं, अर्धं तिखटाचं. त्या दिवशी उमाचा हात मिरचीवर जरा सैल सुटला होता.

"वहिनी, काकडी आणा जरा!"

काकडी आली. भूपेशने न बघताच तोंडात टाकली. गार, कुरकुरीत! भाकरीचा तुकडा, रश्श्यात बुडवून घास, मग चार चकत्या. प्लेट संपली. दुसरी मागवली. दुसरी अर्धी झाल्यावर त्याच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. त्याने एक चकती कडेवर उभी करून उजेडात धरली.

"वा! काय कापलीय! एकसारखी! नाथा, मशीन आणलंस की काय? आमच्याकडे या मापात दहा पार्ट सलग निघत नाहीत! अजून एक प्लेट सांग!"

तिसरी प्लेट घेऊन उमा स्वतः बाहेर आली. पदराने घाम पुसत, अगदी मनापासून म्हणाली, "भाऊजी, आज तुम्ही होतात म्हणून निभावलं हो! काकडी संपली होती, बाहेर ही गर्दी. एवढं बारीक कापून, वर गाजर-बीट लावून कोण आणून देतं! सख्खा भाऊ करणार नाही!"

भूपेशचा घास तोंडातच थांबला. त्याने हातातली चकती हळूच उलटली. खाली चिकटलेली गाजराची टिकली दिसली. टिकलीवर बिटाचा ठिपका.

"वहिनी... मोर?"

"कुठला मोर?" उमाने विचारलं. मग तिला आठवलं. "तो मुळा होय? त्याला लवंग टोचलेली होती. म्हटलं, काहीतरी औषधाचं असेल. तो ठेवलाय बाजूला."

खुर्ची मागे पडली. भूपेश पुढच्या टेबलाकडे धावला. तिथे उल्हासनगरहून आलेले एक जाडजूड सिंधी काका सहकुटुंब जेवत होते. त्यांच्या हातात चकती होती आणि हात तोंडाच्या वाटेवर होता.

"थांबा! ते पीस आहे!"

"पीस है तो क्या हुआ? पूरा प्लेट हमारा है!"

"अंकल, मोर का पीस आहे!"

काकांच्या बायकोने ताट दूर सारलं. "हाय राम! मटण बोला था ना?"

शेजारच्या दोन टेबलांवरही भाकऱ्या थबकल्या. नाथा गल्ला सोडून धावत आला आणि प्रत्येक टेबलापाशी शपथेवर सांगत सुटला की मटण बोकडाचंच आहे, मोर काकडीचा आहे. काकांना ते पटलं. पण काकडी परत द्यायला ते तयार नव्हते. त्यांनी भूपेशच्या डोळ्यांत बघत चकती तोंडात टाकली आणि सावकाश चावली!

सगळी टेबलं फिरून भूपेशच्या हाती एकूण अकरा चकत्या लागल्या. त्यातल्या एकीवर दातांची खूण होती. रविवार दुपार, साडेतीन वाजलेले, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे दुधी आणि सुकलेली कोथिंबीर. नवीन काकड्या आणून मोजून कापायला वेळच नव्हता.

पाच वाजता क्लब हाउसमध्ये टेबलं लागली. बी विंगच्या विनीतने कांद्याच्या चकत्यांची कमळं केली होती. एकाने टोमॅटोची रेल्वे आणली होती. आणि मध्ये भूपेशचं भलंमोठं ताट. त्यात मुळ्याची एक मान आणि मागे अकरा चकत्या. मनाली पहिल्या रांगेत बसली होती. तिने एकदा ताटाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

परीक्षक किर्ती मॅडम अंबरनाथच्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात शिकवायच्या. त्या ताटासमोर थांबल्या.

"हे काय आहे?"

भूपेशच्या डोळ्यांपुढे वर्षभराचे डबे उभे राहिले. साडेपाचचा गजर, कणिक, फोडणी! आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "मॅडम, हा... उजाड झालेला मोर आहे. जंगलं गेली, टॉवर आले. एकेक पीस गळालं. माणसाच्या भुकेने त्याला संपवलं!"

मागे कोणीतरी नाक ओढलं. किर्ती मॅडमनी चष्मा काढून पुसला. "दातांची खूणसुद्धा दाखवलीय तुम्ही! किती बारीक विचार!" त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याच्या खाली दोनदा रेघ मारली. भूपेशने मनालीकडे बघून भुवई उडवली.

आणि तेवढ्यात दारातून उमा आली! हातात स्टीलचा डबा, धाप लागलेली. तिला दुपारपासून चैन पडलं नव्हतं.

"भाऊजी, आणखी सात सापडल्या!" ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली. "धुऊन आणल्यात. मॅडम, ह्यांचा नंबर कापू नका हो! चूक माझी आहे. ह्यांचा मोर मीच गिऱ्हाइकांना वाढला."

"वाढला?" किर्ती मॅडमनी चष्मा परत घातला. "कुणी खाल्ला?"

उमा बाई खोटं बोलणारी नव्हती. "थोडा थोडा सगळ्यांनी. पण तीन प्लेट ह्यांनीच! आणि वर म्हणाले, काय सुंदर कापलीय!"

पुढची पाच मिनिटं हॉलमध्ये काय झालं ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की तुळशीबाईला हसता हसता ठसका लागला आणि तिला पाणी द्यावं लागलं. पहिला नंबर विनीतला मिळाला. दुसरा टोमॅटोच्या रेल्वेला, तिसरा लिंबाच्या बदकांना. भूपेशला प्रोत्साहनपर भेट म्हणून काकडी सोलायचा चाकू मिळाला.

घरी जाताना मनाली म्हणाली, "उद्या साडेपाचला उठवते. माझ्या डब्यात मेथी चालेल."

"हो," भूपेश म्हणाला.

आणखी थोडं चालल्यावर तिने आवाज खाली आणला. आठ दिवस तिनेही काकडीच खाल्ली होती. "अहो, खरं सांगा. मटण कसं होतं?"

भूपेशने इकडेतिकडे बघितलं. आई चार पावलं मागे होती.

"तिखट होतं गं," तो म्हणाला. "पण सोबत काकडी चांगली होती, म्हणून गेलं."