शहाण्णव अंडी आणि एक सुई

“यंत्रं माझा हात ओळखतात!” असं पुकामायु गावात हिलारिओन पोमा ज्याला त्याला सांगत असे. ओळखत असतीलच. कारण त्याचा हात दिसला रे दिसला की ती बंद पडत! शेजाऱ्याचा पाण्याचा पंप, चर्चचा भोंगा, बायकोची इस्त्री, मेहुण्याची मोटारसायकल, या सगळ्यांनी त्याच्याच हातात प्राण सोडला होता.

म्हणून त्या सोमवारी त्याची बायको बासिलिया बहिणीचं बाळ बघायला कोचाबांबाला निघाली, ती गाडीत एक पाय ठेवून त्याची परीक्षा घेत होती.

“उबवणीच्या पेटीत शहाण्णव अंडी आहेत. उद्या पिल्लं बाहेर येतील. तू काय करायचंस?”

“लक्ष ठेवायचं.”

“आणि?”

“हात लावायचा नाही.”

“लाइट गेली तर?”

“अगं, जनरेटर आहे ना! दोरी ओढली की सुरू. तू निर्धास्त जा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे!”

बासिलियानं क्रुसाची खूण केली. स्वतःच्या छातीवर नव्हे, घरातल्या अंड्यांच्या दिशेनं.

ती अंडी म्हणजे बासिलियाचा जीव की प्राण. चांगल्या जातीची म्हणून तिनं तीन गावं पालथी घालून ती निवडून आणली होती. कोंबड्या वाढवायच्या, पुनाताच्या मंगळवारच्या बाजारात विकायच्या आणि स्वतःचा धंदा उभा करायचा, असा तिचा बेत. आणि हिलारिओनचं म्हणाल, तर या माणसाचं बायकोवर मनापासून प्रेम होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एकदा, फक्त एकदाच, ती बाहेरगावाहून परत यावी आणि घरात काहीही बिघडलेलं नसावं, एवढंच त्याला तिला द्यायचं होतं.

मंगळवारी सकाळी सात वाजता, पाण्याच्या पिंपावर बर्फाची साय धरलेली असताना, कुठलंसं निलगिरीचं झाड तारांवर पडलं आणि लाइट गेली. अंड्यांच्या पेटीतला दिवा विझला.

घाबरेल तो हिलारिओन कसला! त्याला उलट आनंदच झाला. त्यानं पोत्याखालचा जनरेटर अंगणात आणला, पेट्रोल भरलं, चोक ओढला, शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि दोरी खेचली.

खुर्रर्र... फुस्स!

परत खेचली. फुस्स! वीस वेळा खेचली. विसाव्या वेळी त्याच्या खांद्यातून आवाज आला, जनरेटरमधून नाही.

तेवढ्यात कुंपणावरून सेरापिओचं डोकं वर आलं. हा सेरापिओ म्हणजे त्याचा कोम्पाद्रे, मुलाचा धर्मपिता. हिलारिओनच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी यानंच हातांवर धरलं होतं, तेव्हापासून दोघं भावापेक्षा जवळचे. गावच्या बँडमध्ये तो मोठा ढोल वाजवायचा. त्यामुळे जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे एकच उपाय असे.

“बडव त्याला!”

“अरे, मशीन आहे ते!”

“मग हळू बडव.”

बडवून झालं. मग हिलारिओननं पाना घेतला आणि कार्बोरेटरच खोलला. त्याच्या खाली एक छोटीशी वाटी असते. वाटीत पेट्रोल, पेट्रोलवर तरंगणारा एक तुकडा आणि त्या तुकड्याला लटकलेली बोटाच्या पेराएवढी सुई. पेट्रोल कमी झालं की तुकडा खाली येतो, सुई भोकातून सुटते आणि टाकीतलं पेट्रोल वाटीत उतरतं. आता वाटी ठणठणीत कोरडी होती आणि सुई भोकात घट्ट रुतून बसली होती. घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं!

“एवढंच ना!” हिलारिओन म्हणाला. “आत्ता सोडवतो.”

त्यानं सुईला पेट्रोलनं न्हाऊ घातलं. ढिम्म! पकडीनं ओढली. ढिम्म! फुंकर मारली, तर पेट्रोलचे चार थेंब उलटे त्याच्याच मिशीत आले. सेरापिओ तोवर घरात डोकावून आला होता. येताना त्याचा चेहरा उतरलेला होता.

“कोम्पाद्रे, ती अंडी बोलतायत रे!”

खरंच की! पेटीला कान लावला तर आतून बारीक आवाज. चिव, चिव. कवचाच्या आतून! पण पेटी गार पडत चालली होती आणि चिवचिव क्षणाक्षणाला बारीक होत होती.  सहा अंडी त्यानं शर्टात घातली, सहा टोपीत घेतली आणि तो रस्त्याकडे धावत सुटला.

कोपऱ्यावर पुनाताच्या बाजाराला निघालेल्या बायका गाडीची वाट बघत उभ्या होत्या. मोजून सोळा! डोक्यावर उंच पांढऱ्या हॅट, पाठीवर गाठोडी, अंगावर तीन-तीन घेरदार परकर. हिलारिओनला त्या बायका दिसल्याच नाहीत. त्याला दिसले फक्त ते अठ्ठेचाळीस परकर.

“बायांनो, वाचवा! बासिलियाची पिल्लं मरतायत! प्रत्येकीनं सहा-सहा घ्या, परकरात ठेवा आणि बसून राहा!”

“काय बोलतोस, मेल्या? सकाळीच घेतलीस की काय?” दोन्या निकासिया कडाडली. ‘दोन्या’ म्हणजे मानानं ‘बाई’. ही गावातली चिचा करणारी. मक्याची ही आंबट-गोड दारू आख्ख्या खोऱ्यात तिच्याइतकी चांगली कुणाला जमत नसे आणि तिच्या तोंडासमोर उभं राहणंही कुणाला जमत नसे.

“दोन्या निकासिया, पाया पडतो तुमच्या! हे ऐका!” त्यानं एक अंडं तिच्या कानाला लावलं.

निकासियाचा चेहराच बदलला. “अगंबाई! हा तर बोलतोय!” ती मागे वळली. “उभ्या काय राहिलात? चला गं, बाजार पुढच्या मंगळवारी!”

पाच मिनिटांत पोमांच्या अंगणात सोळा बायका भिंतीला टेकून ओळीनं बसल्या, प्रत्येकीच्या परकरात सहा अंडी. गाडीवाला कोपऱ्यावर भोंगा वाजवून वाजवून दमला आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

“आता मशीन चालू कर लवकर,” निकासिया म्हणाली. “माझ्या गुडघ्यात वात आहे.”

सोळा बायकांच्या नजरेखाली काम करणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक!  आणि प्रत्येकीकडे सल्ला होताच.

“तेल घाल रे!”

“उलटं करून बघ!”

“माझ्या जावयाला बोलवा, तो दातांचं काम शिकतोय!”

शेवटी सेरापिओनं गंभीरपणे घसा खाकरला. “कोम्पाद्रे, धरणीमाता रागावलीय. तिला तहान लागलीय. आपण हे मशीन आणलं तेव्हा कार्निव्हलला शिंपण केलं होतं, त्याला चार महिने झाले. पुन्हा करू या.”

हे कुणालाच वावगं वाटलं नाही. नवी वस्तू घरात आली की आधी जमिनीवर चिचा सांडायची, मग वस्तूवर शिंपडायची, वर रंगीत कागदाचे कपटे उधळायचे, तर ती वस्तू धड चालते. हे पुकामायुत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सेरापिओ घरातून चिचाचा लोटा घेऊन आला. थोडी जमिनीवर, थोडी जनरेटरवर, थोडी स्वतःच्या घशात ओतून त्यानं टाकीच्या झाकणाला हात घातला.

“हे काय करतोस?” निकासियानं विचारलं.

“तोंडात पण घालतो ना थोडी! गेल्या वेळी घातली होती तशी.”



“गेल्या वेळी,” निकासिया सावकाश म्हणाली, “तुम्ही माझी चिचा या मशीनच्या पोटात ओतलीत?”

“एकच पेला,” हिलारिओन पुटपुटला. “त्याला बरं वाटावं म्हणून.”

“इकडे आण ते!”

हिलारिओननं कार्बोरेटर नेऊन तिच्या नाकापुढे धरला. निकासियानं हुंगलं, सुईच्या बुडाशी जमलेला तपकिरी राप नखानं खरवडला आणि चक्क चाखला! थुंकून म्हणाली, “कार्निव्हलचीच आहे. त्या खेपेला गूळ जास्त पडला होता. अरे गाढवांनो, ही सुकली की दगड होते! चाळीस वर्षं मी रांजण घासतेय, मला विचारा. पेट्रोलनं काय जातंय? गरम पाणी आण, गरम पाणी!”

पाणी उकळलं. वाफाळतं पाणी भोकावर ओतलं तसा काळपट चिकट ओघळ खाली आला, सुई हलली आणि टप्पकन सुटली. हिलारिओननं आनंदानं दोन्ही हात वर केले. हात वर केले म्हणजे, सुई खाली धुळीत पडली. आणि तिथं दाणे टिपत असलेल्या म्हाताऱ्या कोंबडीनं ती चोचीत उचलली!

“धरा तिला!”

पण धरणार कोण? सोळा बायका अंड्यांवर! एकीलाही हलता येईना. मग त्यांनी बसल्या जागेवरून जो गिल्ला केला, तो थेट पुनातापर्यंत ऐकू गेला असेल.

“डावीकडे, हिलारिओन! अरे, तुझ्या डावीकडे!”

“सेरापिओ, पोट आत घे आणि वाक!”

“गिळली तर कापा तिला!”

“कापू नका, बासिलियाची लाडकी आहे ती!”

हिलारिओन दोनदा चुलीच्या राखेत लोळला, सेरापिओ एकदा पिंपात पडला. अखेर पिंपातून बाहेर आलेला, बर्फाच्या पाण्यानं निथळणारा सेरापिओ असा काही बोंबलला, की कोंबडीनं घाबरून चोच उघडली आणि सुई निकासियाच्या पायाशी येऊन पडली.

टाकी पुसली, वाटी पुसली, सुई जागेवर बसवली. पेट्रोल भरलं. हिलारिओननं डोळे मिटून बासिलियाचं नाव घेतलं आणि दोरी ओढली.

धडाड्! जनरेटर गर्जला! त्याच्या पंख्यात कार्निव्हलपासून अडकलेले रंगीत कपटे कारंज्यासारखे उडाले आणि सोळा पांढऱ्या हॅटवर भुरुभुरु पडले. हिलारिओन लहान मुलासारखा ढसाढसा रडला. पेटीतला दिवा लागला होता.

“आणा, आणा! अंडी आणा!”

एकही बाई उठली नाही.

“थांब रे,” निकासिया दबक्या आवाजात म्हणाली. तिनं परकराची घडी अलगद उघडली. कवच तडकलं होतं आणि त्यातून एक ओलंगिच्च डोकं तिच्याकडे बघत होतं. गावाला दम भरणारी ती बाई, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “माझी विल्मा!” ती म्हणाली.

मग काय! इथं एक, तिथं दोन. “माझा कॅप्टन!” “माझी ग्लोरिया!” “बघा गं, माझा डोळे कसे मिचकावतोय, अगदी आमच्या ह्यांच्यासारखा!” पेटीत परत एक अंडं गेलं असेल तर शपथ. ज्यांची पिल्लं आली नव्हती त्या हट्टानं बसून राहिल्या.

दुपारी बासिलिया गाडीतून उतरली तेव्हा तिच्या अंगणात रंगीत कपट्यांनी माखलेल्या सोळा बायका, ओलाचिंब सेरापिओ आणि राखेनं काळा झालेला नवरा होता.

“कोण गेलं?” तिनं धसकून विचारलं.

“कुणीही नाही!” हिलारिओन ओरडला. “मोजून बघ!”

बासिलियानं मोजली. दोनदा मोजली. शहाण्णवांतून एक्क्याण्णव पिल्लं! असा आकडा तिनं स्वप्नातही धरला नव्हता. तिनं राखेनं भरलेला नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांदेखत त्याचा मुका घेतला. बावीस वर्षांत हिलारिओन एवढा मोठा कधी झाला नव्हता.

बायका एकेक करून उठल्या, गुडघे चोळत निघाल्या. जाताना प्रत्येकीनं बासिलियाला मिठी मारली.

“येते हं, कोमाद्रे. माझ्या विल्माला वारा लागू देऊ नकोस.”

“कोमाद्रे, कॅप्टनला मक्याचा भरडा घाल.”

“कोमाद्रे?” बासिलियानं चमकून नवऱ्याकडे पाहिलं.

“त्यांनी जन्माला घातली ना,” हिलारिओन म्हणाला. “म्हणजे त्या धर्ममाता झाल्या. मग मी त्यांचा कोम्पाद्रे, तू कोमाद्रे... नातेवाईकच की.”

बासिलिया मटकन पायरीवर बसली. हिलारिओनला कळेना, हिला एकदम झालं काय? ते त्याला कळायला पाच महिने लागले. कोंबड्या गुबगुबीत झाल्या आणि एका मंगळवारी बासिलिया चार कोंबड्यांचे पाय बांधून कोपऱ्यावर गेली. तिथं पुनाताच्या गाडीची वाट बघत सोळा पांढऱ्या हॅट उभ्या होत्या.

“माझी विल्मा कुठं निघाली गं, कोमाद्रे?” निकासियानं विचारलं.

बासिलिया आल्या पावली मागे फिरली. चारही कोंबड्या घेऊन घरी आली.

“पण एक कबूल कर,” हिलारिओन भीत भीत म्हणाला. “एकही कोंबडी वाया गेली नाही.”

“नाही गेली,” बासिलिया म्हणाली. “म्हणून तर एकही विकता येत नाही!”

आता पोमांच्या घरी कोंबडीचं सूप करायचं झालं, तर बासिलिया पुनाताहून कोंबडी विकत आणते, पिशवीत कांद्याखाली लपवून. आणि जेवायला बसण्याआधी हिलारिओन मुकाट्यानं उठून खिडक्या लावून घेतो. अंगणातून एक्क्याण्णव नातेवाईक आत बघत असतात!