वादळ फिरले आणि अंदाजनवीस फिरला, त्याची हकीकत

थोरांच्या मोहिमा लिहिण्यास लेखक बहुत. फजितीस कोणी मिळत नाही. सबब आमची आम्हीच लिहितो, श्रोते सावध असावे.

बंदरावरील वेधशाळेत आम्ही बावीस वर्षे अंदाजनवीस. त्या साली दक्षिण समुद्रात चक्रीवादळ उत्पन्न जाहले आणि मोठ्या इतमामाने पश्चिमेस कूच करते जाहले. वादळ कितीही मातबर असो, त्यास आपली वाट नसते. उत्तरेस उच्च दाब, म्हणजे जड हवेचा अफाट ढीग, ठाण मांडून बसलेला. वादळाने त्याच्या कडेकडेने पश्चिमेस सरकावे आणि ढीग संपला की उत्तरेस वळावे, ऐसा दर्याचा कायदा. ढीग लांब पसरला तर वादळ परभारे निघून जाणार. आखडला तर लवकर वळून थेट आमच्या दारी. आम्ही नकाशा पाहिला, ढीग लांबलचक दिसला, आणि सकाळी सातास रेडिओवर फर्मावले की, शहरास भय नाही, सर्वत्रांनी खुशाल असावे. मग चहा मागवला.

तो गच्चीवरून फुगेवाल्या बाई उतरल्या. या बाई रोज यंत्र बांधलेला फुगा आकाशी सोडीत, आणि वरच्या हवेचा दाब तो फुगा कळवी. त्यांस आम्ही मसलतीत कधी घेत नसू, कारण त्या बहुधा बरोबर असत. त्यांनी आपला आणि दर्यातील तीन बेटांवरून सुटणाऱ्या फुग्यांचा कागद पुढे ठेवून निवेदन केले की, कालपासून ढिगाच्या पश्चिम टोकाचा दाब उतरतो आहे, ढीग आखडतो आहे. आम्ही यंत्रास दोष दिला. बाईंनी दुसरा फुगा सोडला, आकडा तोच आला, आणि आम्ही दुसऱ्या यंत्रासही दोष देऊ लागलो. तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, फुगा चुकला असेल तर माझी नोकरी जाईल. तुम्ही चुकला असाल तर खालची आळी जाईल."

खालची आळी म्हणजे धक्क्यालगतची दोनशे घरे, आणि अगदी शेवटच्या घरात आमच्या सासूबाई. लिहिणे प्राप्त आहे की, प्रथम आमच्या मनात आळी आली नाही, लोक काय म्हणतील हे आले. मग आळी आली.

अकरास पुन्हा रेडिओवर हुकूम सादर केला की, सकाळचा अंदाज चुकीचा, वादळ वळणार, खालच्या आळीने चारच्या आत टेकडीवरील शाळेत जावे. लोकांनी आम्हांस यथेच्छ शिव्या दिल्या आणि गाठोडी बांधली. आम्ही खासा स्वारीने सासूबाईंकडे गेलो, तो त्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या.

"जावईबापू, सकाळी म्हणालात येत नाही, आता म्हणता येतंय. मी कोणत्या जावयाचं ऐकू?"

"कोणत्याच नको," आम्ही म्हणालो. "हे फुगेवाल्या बाईंनी मोजलंय."

"मग आधी तसं सांगायचं," ऐसे बोलून त्यांनी चपला घातल्या, दाराला कुलूप लावले आणि आमच्यापुढे चालू लागल्या.

दुसरे दिवशी पहाटे ढीग आणखी आखडला, वादळ उत्तरेस वळले आणि सकाळी नऊस बंदरात दाखल जाहले. आळीत छातीभर पाणी चढले, साठ छपरे उडाली, आणि शेवटचे घर कुलपासकट दर्याने नेले. शाळेच्या वर्गांत माणसे बाकांवर दाटीने बसली होती. वारा पडल्यावर आळीची मोजदाद केली: सातशे बारा, एकही कमी नाही. सासूबाईंनी सरकून, मोजदादीस आलेल्या फुगेवाल्या बाईंस शेजारी बसविले आणि त्यांचा हात बराच वेळ हाती धरून ठेविला. आम्हांस कोणी बसा म्हटले नाही, आणि आम्हीही बसलो नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सरदारी बाईंची. आमचे काम निरोप्याचे, तेही चार तास उशिरा. सातशे बारा जीव सलामत; शिकस्त एकाच इसमाची जाहली, आणि त्याने हे स्वहस्ते, राजीखुशीने लिहिले.