वेलबुट्टीची पत्रिका

"सून गुनी शे बहीन, पन बोलस नही. आपला पानीना माठ बी तिनापेक्षा जास्त बोलस."

सासूबाई शेजारच्या प्रमिलाबाईंना सांगत होत्या. मी दाराआड भाकरी थापत होते. (माठाशी माझी तुलना झाली, यात माठाने काय वाईट वाटून घ्यायचं?)

नणंदेचं, मंजुळाचं, लग्न ठरलं होतं. मुलगा सावद्याचा, केळीच्या बड्या व्यापाऱ्यांचा. म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ठरवलं की पत्रिका इंग्रजीत आणि वेलबुट्टीच्या अक्षरांतच हवी. साक्रीहून मोटारीने ते धुळ्याला गेले. छापखान्याच्या भिंतीवर नमुने टांगलेले. एकावरची अक्षरं नागिणीसारखी वळलेली, शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या. आबांनी बाकीचे नमुने न बघता थेट त्यावरच बोट ठेवलं, "हाई! नावं आन् तारीख तेवढी बदला. बाकी टिंबबी हालाले नको." आबांना इंग्रजी येत नव्हतं. छापखान्यातल्या जुळाऱ्यालाही येत नव्हतं. तो नुसता आकार बघून खिळे जुळवी. दोघांचं छान जुळलं.

गठ्ठा घरी आला. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं काम माझ्याकडे. लावता लावता मी वाचलं (जळगावच्या शाळेत मी इंग्रजी शिकले होते, पण सासरी कोणी विचारलं नव्हतं) आणि बोट हवेतच थांबलं. तो कुणा साहेबाच्या निरोपसमारंभाच्या आमंत्रणाचा नमुना होता!

पहिली पत्रिका जाणार होती मुलाच्या वकील काकांकडे. ते ओट्यावर बसून इंग्रजी पेपर मोठ्याने वाचत. त्यांनी ही वाचली, तर वरात सावद्यातच राहिली असती.

पण सुनेने सासऱ्यासमोर बोलायचं कसं? मी कुंकू मजकुरावर ओढत नेलं. एका पत्रिकेवर, मग दुसऱ्या, मग सगळ्यांवर.

"हाई काय करं वं?" आबा ओरडले. "बठ्ठं अक्षर झाकी टाकं!"

मी पदर पुढे ओढून नवऱ्याच्या कानात सांगितलं. जीवरामांनी ते मोठ्याने पुढे पोचवलं.

"आबा, ती म्हनस, मंजुळा आन् मोतीलाल रिटायर व्हई ऱ्हायनात."

"रिटायर? कसानं?"

मी पुन्हा कुजबुजले.

"तीस साल इमानदारीनी नोकरी करीसन. चहापान शे. फक्त पुरुषांसाठी."

"पोरगी अठरानी शे रे!" सासूबाई किंचाळल्या. मंजुळा रडायला लागली. प्रमिलाबाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

आबांनी पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला. म्हणाले, "सावद्याले नारळ-सुपारी लीसन मी सोता जास. तोंडी सांगस." उठता उठता मात्र जिरवायची म्हणून बोलले, "आन् जीवराम, तुमना लगीनले बी हाईच पत्रिका व्हती. नाव तेवढं बदली लिधं व्हतं. तवय कोनी हासनं नही!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आमच्याकडची पत्रिका साधी मराठी होती. सासरची मी पाहिलीच नव्हती. पदर होता तिथेच राहिला, पण तोंड उघडलं.

"मग आबा, पेन्शन राहू द्या. पण रिटायर बाईला रोज पहाटे जात्यावर बसवतात का?"