पिकअपमध्ये बसलेली आसरा

"मिस्त्री, पोरीनं गाडीखाली मुंडकं घातलं तर गाडी बाटती का वो?"

जयवंताने एका दमात विचारून टाकलं आणि भवानीनगरच्या मल्हार मिस्त्रींच्या गॅरेजातली सगळी ठोकाठोक थांबली! रस्त्यापलीकडे बाभळीच्या आड तिच्या मैत्रिणी प्रतिक्षा आणि माधवी वेणीच्या रिबिनी तोंडात कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. जयवंता असलं काही विचारणार नाही, याची दोघींना शंभर टक्के खात्री होती. बिचाऱ्या!

मिस्त्री उसाच्या ट्रॅक्टरखालून सरपटत बाहेर आले. आधी डोकं, मग मिशा, मग हातातला पाना.

"गाडी कशापायी बाटंल? पर पोरगी पुन्ना बाहीर निघती का न्हाय, ते बघावं लागतं!"

"मी निघंन! शॉकअप बसवायचं असतील तर कसं बसवत्यात, तेवढं सांगा."

"हंगाम चालूय, पोरी. आठ दिवसांनी आण गाडी."

आठ दिवस! जयवंताकडे तीनच होते.

त्याचं असं झालं होतं. जयवंताच्या आबांची, म्हणजे वडिलांची, बिरदेव धनगरांची, एक पिकअप होती. पूर्वी ते मेंढरांमागं कोसच्या कोस चालायचे. आता लोकांची मेंढरं मागच्या हौद्यात भरून निमगाव केतकीच्या बाजाराला न्यायचे. पण ती पिकअप अशी काही उडायची, की बाजारात उतरलेलं मेंढरू चार पावलं तिरकं चालायचं! मेंढरं तरी एकदाच जायची. आबा रोज बसायचे. त्यांच्या कमरेनं शेवटी संप पुकारला. बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं, "एक तर हादरे बंद करा, नाहीतर चालणं बंद होईल." आबांनी गाडी विकायची ठरवली. माळेगावचे सर्जेराव रविवारी बघायला येणार होते.

आता गाडी गेली तर जयवंताची शाळाही जाणार होती. वस्ती कालव्याच्या पल्याड, शाळा सहा किलोमीटर लांब भवानीनगरला, आणि एस.टी. थांबायची ती कंडक्टरला दया आली तरच. आई, म्हणजे कौसल्याबाई, म्हणाली होती, "दहावीचं काय, घरी बसून बी हुतंय. सतरा नंबरचा फॉर्म भर."

घरी बसून दहावी! म्हणजे शेणाच्या पाटीत भूमिती!

पण जयवंताकडे तोड होती. पुण्याला ट्रक चालवणाऱ्या रविराज मामाने हादरे झेलणारे, गॅस भरलेले दोन नवे शॉकअप एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर धाडले होते. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'कंपनीचे नाहीत, पण कंपनीला लाजवतील.' ते मागच्या चाकांना बसले की हादरे गेले. हादरे गेले की कंबर राहिली. कंबर राहिली की गाडी राहिली, आणि गाडी राहिली की शाळा! आहे काय त्यात? चार नट तर पिळायचे!

घरात आलेली कुठलीही नवी वस्तू आधी देवापुढं जायची, ही कौसल्याबाईंची शिस्त. मोटारपंप गेला होता, शिलाई मशीन गेलं होतं, एकदा तर खताची पोती गेली होती. गुरुवारी संध्याकाळी शॉकअपचा नंबर लागला. देवघराच्या भिंतीला टेकवून दोन्ही उभे केले. हळद-कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, मूठभर भंडारा उधळला. दिवा लागला. त्या मिणमिणत्या उजेडात ते दोघे बुटके, काळे, पिवळ्या कपाळाचे, मुकाट्याने उभे राहिलेले पाहुणेच दिसायला लागले.

"आगं, ह्यास्नी बांधलंय कशानं?" आईने विचारलं. दोघांच्याही अंगाभोवती दाबून धरणारी प्लॅस्टिकची पट्टी होती. "देवापुढं कुणाला बांधून उभं करत्यात व्हय? कैदी हायती का? सोड!"

जयवंताने विळा घेतला आणि पट्ट्या कापल्या.

आई डोळे मिटून हात जोडणार, एवढ्यात दोघेही हळूहळू... अगदी हळूहळू... उंच व्हायला लागले! आवाज नाही, धक्का नाही. आतून कुणीतरी श्वास भरून घ्यावा तसे ते वाढत गेले. गळ्यातल्या माळा वर निघाल्या. वीतभर वाढून ते थांबले आणि बसलेल्या आईच्या छातीपाशी येऊन तिच्याकडे बघत राहिले.

"उठलं!" आई किंचाळली. "जये, उठलं गं त्ये!"

"आई, गॅस हाय त्यात!"

"ग्यास चुलीत असतुया!"

आईने भंडाऱ्याची अख्खी वाटी दोघांवर पालथी केली. मग मामाच्या पुडक्यात उरलंसुरलं जे काही होतं ते सगळं आवरून, कपाळाला लावून, पदराआड घेऊन गेली.

शुक्रवारी आबा औषध आणायला एस.टी.ने इंदापूरला गेले आणि शाळा सुटल्यावर तिघी मैत्रिणी कामाला लागल्या. गंजक्या नटांवर जयवंताने रात्रीच रॉकेल ओतून ठेवलं होतं. जुने शॉकअप निघाले ते खडखडीत वाळलेले! त्यांच्यातलं तेल, रबर, जीव, सगळं कधीच झिजून संपलेलं. नवे मात्र दाबल्याशिवाय जागेवर बसेनात. प्रतिक्षा त्यातल्या एकावर सगळ्या वजनानिशी बसली. तो खाली गेला. जयवंता पाना शोधायला वळली आणि माघारी बघते तर प्रतिक्षा बसल्या बसल्या वर येत होती!

"जये, ह्यो मला उचलतोय गं! ए, उतरवा!"

शेवटी माधवीही वर बसली तेव्हा कुठं तो वठणीवर आला. दिवस मावळायच्या आत दोन्ही शॉकअप करकचून बसले. आईने येऊन गाडीच्या तोंडाला लिंबू, सात मिरच्या आणि काळ्याभोर बिब्ब्यांची लांबलचक माळ बांधली.

आबा आले. वाकून बघितलं. "इकायच्या गाडीला नवं बाशिंग! कुणी बसवलं?"

"मी!"

आबांनी दोनदा वाकून बघितलं, हे जयवंताने बरोबर टिपलं.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी आबा तिघींना घ्यायला आले. आणि काय सांगू! पिकअप रस्त्यावरून निघाली ती जणू लोण्यावरून! हौद्यात बसलेल्या तिघींच्या वेण्यासुद्धा हलत नव्हत्या. "आबा, कंबर कशी हाय?" जयवंताने मागच्या खिडकीतून ओरडून विचारलं. "हाय का न्हाय तेच कळंना!" आबा चक्क हसले.

मग कालवा आला.

पुलाच्या अलीकडे रस्ता खोल दबतो आणि एकदम वर चढतो. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस. खाली कालव्याचं हिरवं पाणी, वाहतंय की बघतंय तेच कळत नाही. काठावर उंबराखाली शेंदूर फासलेले सात दगड. साती आसरा! पाण्यातल्या बायका. वस्तीवरची एकही बाई दुपारी बाराला तिथं थांबत नाही. आणि त्या क्षणी नेमके बारा वाजले होते. कारखान्याचा भोंगा लांबून उमटला आणि विरला.

गाडी दबली.

"ऊंऽऽऽऽई..."

कुणीतरी रडलं. बाईच्या आवाजात. आणि लांबून नाही, अगदी बुडाखालून!

आबांनी ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. उसाचं पान हलत नव्हतं. उंबरावर एक कावळा नव्हता.

"कोण रडतंय गं पोरींनो?"

"आबा, आमी तर हसत हुतो!"

आबा खाली उतरले. "ऊंऽऽई..." ते घाबरून परत चढले. "ऊंऽऽई..."

मग सगळे गप्प झाले. कुणीही हललं नाही. आणि कुणीही हललेलं नसताना, गाडी बंद असताना, वारा नसताना, बुडाखालून एक बारीकसा हुंदका आला आणि पाण्याकडे गेला. जयवंताच्या पाठीवरून गार मुंग्यांची रांग चालत गेली. प्रतिक्षा आणि माधवी उड्या टाकून पळाल्या त्या थेट आपापल्या घरी! दप्तरं हौद्यातच राहिली.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला कळलं. बिरदेवच्या गाडीत आसरा बसली!

रविवारी दहा वाजता सर्जेराव आले. पांढरे कपडे, कपाळाला अष्टगंध, आणि गाडीतलं सगळं कळतं असा चेहरा. आबा प्रामाणिक माणूस, ते सांगायला गेले, "सर्जेराव, तसं गाडीत थोडं..."

"मला नगा शिकवू, बिरदेवराव! मी गाडी चालवून बघतो. गाडी खोटं बोलत न्हाय!"

गाडी खोटं बोललीच नाही. सर्जेराव एकटे पुलावर गेले. दोन मिनिटांनी रस्त्याने परत आले ते पायी, आणि तेही पळत! एक चप्पल हातात, दुसरीचा पत्ता नाही.

"मागं कोण बसीवलं हुतं?"

"कुणी न्हाय बा."

"मग माझ्या कानापाशी कण्हत कोण हुतं? बिरदेवराव, असली गाडी मला इकताय? मला बायकापोरं हायती!"

आणि ते गेले! जयवंताला गोठ्यामागं जाऊन नाचावंसं वाटलं. गाडी वाचली! शाळा वाचली! ज्या कुणी बाई गाडीत बसल्या असतील, त्यांना मनातल्या मनात दंडवत!

पण नाचायला तिने पाय उचलला आणि आईचा हात खांद्यावर पडला. आईच्या दुसऱ्या हातात हिरवा खण, नारळ, तांदूळ आणि बांगड्या.

"आधी गाडीची वटी भरायची. मग तुजी नजर काढायची. गाडीखाली कोण शिरलं? तू. नट कुणी पिळलं? तू. गाडी निमित्त हाय, जये. ती तुज्यावर आलीया."

"म्हंजे?"

"म्हंजे आता उंबऱ्याच्या भाईर पाय टाकायचा न्हाय. शाळा बंद."

जयवंताने आबांकडे बघितलं. आबा चुलीकडे बघत होते.

आबांनी पुलावर राहिलेली गाडी दारात आणली आणि बॉनेटवर हिरवा खण पसरला गेला. त्यावर नारळ आणि बांगड्या. त्या वेषात ती पिकअप माहेरी निघालेल्या, पण मनातून नाराज असलेल्या बाईसारखी दिसत होती. आई हात जोडून पुटपुटत होती, आणि दर दोन शब्दांनी जयवंताचंच नाव घेत होती. आई तिला डांबत नव्हती. आईला तिच्यासाठी भीती वाटत होती. त्याला काय उत्तर देणार?

उत्तर गाडीखालीच असणार होतं.

दुपार झाली. आई नजर काढायला मीठ-मोहऱ्या शोधत होती. जयवंता गाडीखाली शिरली. अंधार, रॉकेलचा वास, भंडाऱ्याची पिवळी धूळ. तिने हौद्याचा कोपरा धरून खाली ओढला.

"ऊंऽऽई..."

तोंडापासून एका हातावर! ती दचकली आणि डोकं लोखंडावर आपटलं. मग नजर स्थिरावली. शॉकअपच्या टोकाला लोखंड लोखंडावर घासून आरशासारखं चकाकत होतं. तिथून पिवळी पूड झडत होती. शेजारच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकाला मात्र मध्ये जाड, काळं रबर होतं. 'हितंबी कायतरी मऊ पायजे,' तिला वाटलं. 'मामानं मऊ काय धाडलंच न्हाय?'

ती सरपटत पुढच्या बाजूने बाहेर निघाली आणि कुणीतरी तिच्या कपाळाला हात लावला. गार. मऊ.

जयवंता जागच्या जागी थिजली. डोळे हळूच वर केले. आईची लिंबू-मिरचीची माळ होती. बिब्बा कपाळाला लागला होता.

पण बिब्बा टणक असतो! हा मऊ कसा? तिने दाबला. दबला. सोडला. फुगला. तिने मोजले, आठ. रबराच्या आठ चकत्या, मध्ये भोक पाडलेल्या!

"आईऽऽ! ह्ये बिब्बं तुला कुणी दिलं?"

"तुज्या मामानं न्हाय का पुडक्यात धाडलं? किती काळजी हाय बघ भावाला! आठ-आठ बिब्बं!"

अर्ध्या तासात आठही चकत्या जागेवर होत्या. जयवंताने आबांना हाताला धरून गाडीत बसवलं. आई हौद्यात चढली, पोरीला एकटीला सोडवेना म्हणून, आणि तिने जयवंताचं मनगट असं धरलं की बांगडीचा वळ उठला. पूल आला. उंबर आला. गाडी दबली.

काही नाही.

आबा माघारी वळले. पुन्हा पूल, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा तर त्यांनी मुद्दाम जोरात घातली. गाडी दबली, उठली आणि मांजरीसारखी गप चालत राहिली. कालव्याचं पाणी तसंच बघत होतं.

आबा पाठ ताठ करून उतरले. "कौसे, गाडी ठेवायची. कंबर न्हाय दुखली. पोरीचं काम पक्कं हाय."

"बघ आई! रबर हुतं! कुणी आसरा नव्हती!"

आईने गाडीकडे बघितलं. मग सात दगडांकडे. मग पुन्हा गाडीकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडत गेला.

"आधी रडत तर हुती," ती कुजबुजली. "आता गप बसली. म्हंजे आत नीट जागा करून बसली! जये, ह्या गाडीतनं तू शाळेला जायचं न्हाय!"

आबांनी कपाळाला हात लावला. गाडी वाचली, कंबर वाचली, आणि शाळेची गाडी तिथंच रुतली! जयवंताने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. आईला पटवायला आठ रबरं पुरली नव्हती. ऐंशीही पुरली नसती. तिने हौद्यात राहिलेलं आपलं दप्तर उचललं, खांद्याला अडकवलं आणि कंबरेवर हात ठेवून सांगून टाकलं,

"आई, आबा, ऐका. उद्या सोमवार. मी शाळेला जाणार, आन ह्याच गाडीतनं जाणार. आसरा बसली असंल तर बसू दे, तिलाबी संगट नेते. पयला तास बीजगणिताचा, दुसरा भूमितीचा. तिसऱ्या तासाला ती वर्गात र्‍हायली, तर मी सतरा नंबरचा फॉर्म भरते!"